उगमाकडे गेलेलं पान

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचते आणि कमेंटमध्ये भांडते, हे जुन्या मेंबरांना माहीत आहे. लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मायक्रोस्कोपखाली दिसत नाही ते माझ्या हिशोबी नसतंच. त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण डोक्यातून जात नाही, काय करू!

दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते, तेव्हाची गोष्ट. माझं माहेर किनवट तालुक्यात, जंगलाला लागून. तिथं आई आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, दोघंच राहतात. आप्पांना अलीकडे विसर पडायला लागलाय. आठवडी बाजारातून येताना घरचीच वाट चुकले, लोकांनी आणून सोडलं. झालं! नांदेडला राहणारा माझा दादाही आला होता, तो हट्टालाच पेटला — घराला कुलूप लावा, माझ्याकडे चला.

आप्पा भडकले. "मी काय येडा झालो काय रे? चल, तुला आपल्या नदीचा उगम दाखवतो. गुरं घेऊन तिथंच बसायचो मी. उंबराखालच्या दगडातून पाणी निघतं. न्हाई सापडला, तर मुकाट्यानं येतो नांदेडला!"

नदी म्हणजे घरामागून वाहणारी लहानशीच, पुढे पैनगंगेला मिळते. उगम आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. सकाळी चौघं निघालो. सागाच्या वाळक्या पानांचा पायाखाली नुसता कर्रकर्र आवाज. आप्पा सगळ्यांच्या पुढे, काठी फिरवत. आई मागून ओरडतेय, "अवं, जरा दमानं!"

पण वर एके ठिकाणी तीन-चार ओहळ एकत्र येतात. तिथं आप्पा थांबले. "ही वाट... न्हाई, ती." एका ओहळाच्या कडेनं बरंच चाललो, तो गवतात जिरून गेला. बाकीच्यांचंही तेच. परत जिथल्या तिथं आलो. आप्पा मोहाच्या झाडाला टेकून मटकन खाली बसले.

"मला आठवंना," म्हणाले. "हाव रे, तुझंच खरं. येतो नांदेडला."

आवाज एकदम बारीक झाला होता. दादाला एक ठेवून द्यावी वाटली. खरं तर त्याचाही चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा.

"आधी खाऊन घ्या, मंग बघू," आई म्हणाली. पळसाची पानं तोडून तिनं सगळ्यांना भाकरी-ठेचा वाढला. खाऊन झाल्यावर आप्पांना तिथंच डुलकी लागली. आईनं आपलं पान धुतलं आणि पाण्यात सोडलं.

ते पान वर गेलं.

म्हणजे प्रवाहाच्या उलट! मी म्हणाले, "वारं असेल गं." वारं अजिबात नव्हतं. दादानं त्याच्या बाजूलाच सागाचं पान टाकलं, ते सरळ खाली वाहून गेलं. पळसाचं मात्र निवांत वर चाललेलं. पुढे झुडपांखाली एक ओहळ होता, आम्हाला दिसलाच नव्हता, त्यात ते शिरलं. दादा झुडपं बाजूला सारायला लागला.

"अवं उठा, हिकडून बघू," आईनं आप्पांना हलवलं. मी त्यांचा दंड धरला आणि सगळे निघालो. सगळ्यात पुढे पान, मागे वाकून चालणारा दादा, मग आम्ही. भीती वाटली का? नाही. मला फक्त ते पान उचलून उलटंपालटं करून बघायचं होतं. पण ते कायम हाताच्या जरा पुढेच.

अचानक आप्पांनी हात सोडवून घेतला. "थांब. उंबराचा वास येऊन राहिला!" आणि आम्हाला मागे टाकून तरातरा निघाले. वळणापलीकडे उंबर होता. खाली काळा दगड, त्याच्या फटीतून मनगटाएवढी धार. आप्पांनी गुडघे टेकून धारेला तोंड लावलं. हसत होते आणि रडत होते. "म्हनलं न्हवतं?" आम्ही सगळेच रडलो.

पान तिथं नव्हतं. दादानं आणि मी फटीफटीत शोधलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच परत गेलो. पळसाची, सागाची, मोहाची पानं सोडून बघितली. सगळी खाली गेली. भोवरा असेल, म्हणाल — एवढा लांब भोवरा? कुणाला कळत असेल तर सांगा, यावेळी भांडणार नाही.

दादानं नांदेडचा विषय पुन्हा काढला नाही. परवा मी आप्पांना फोनवर त्या पानाचं सांगितलं, तर खो खो हसले. "पानी उलटं चढतं व्हय गे? मीच तर नेलं तुमाला वाट दाखवत. आता तुलाच इसर पडून राहिला!"

मी काही बोलणार, तेवढ्यात आईनं फोन घेतला. जरा बाजूला जाऊन हळू आवाजात म्हणाली, "त्येंनीच नेलं, बाई. कळलं का?"

"हाव," मी म्हणाले. "त्यांनीच नेलं."