सारख्या दोरीची दोन वावरं

सुतळीचा वास आला की उटनूर गावी झालेलं शिक्षकांचं गणित-प्रशिक्षण आठवतं. आमच्या जिल्ह्याचे तुकडे पडून नवे जिल्हे झाले, आमचे गणिताचे सर पलीकडच्या जिल्ह्यात गेले आणि मराठी शिकवणाऱ्या माझ्या गळ्यात गणित पडलं. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी सुतळीचं कडं टेबलावर चौकोनी मांडून ज्वारीच्या दाण्यांनी गच्च भरलं. मग तेच कडं लांबट ओढलं, तर त्यात निम्मेच दाणे मावले. त्याआधीच्या उन्हाळ्यात गावातल्या दोन भावांच्या वाटणीत मी वावरांच्या कडा दोरीनं मोजून दोन्ही वाटे सारखे ठरवले होते. लांबट पट्टी मिळालेला धाकटा पेरणीनंतर म्हणाला होता, "गुरुजी, मले बियाणं कमी काऊन लागलं?" मी त्याला दटावलं होतं, "गणित खोटं बोलत नाही." तो आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतो. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.