खंडेनवमीच्या पूजेतला फ्यूज

काल बारामतीच्या घरी चिंचेच्या कोळानं जुने पितळी फ्यूज घासत होतो. तोफगोळ्याच्या टोकावर बसवायचे हे फ्यूज मी वर्षानुवर्षं जमवतोय. त्या आंबट वासानं मला वरकुटे गावातल्या आक्कांच्या ओट्यावर नेलं.

काही वर्षांपूर्वीची खंडेनवमी होती. विळा, खुरपं, फावडं यांच्या ओळीत आक्कांनी चिंचेनं लख्ख केलेला एक फ्यूजही मांडला होता, तोफखान्यात असलेल्या त्यांच्या दिवंगत मालकांनी आणलेला.

"भंगारवाल्यागत गोळा करता म्हनं तुमी. मग सांगा की, ह्यो कसला हाय?"

स्फोटाची वेळ लावायची कडी पुन्हा पुन्हा फिरवून तिच्यावरचे आकडे झिजले होते, आत दारू भरायला जागाच नव्हती. खरं सांगितलं तर मालकांचा मान कमी होईल, म्हणून मी घुटमळलो. शेवटी म्हणालो, "आक्का, हा जवानांना शिकवायचा आहे. कधी उडालाच नाही."

"म्हंजी यानं कुणी मेलं न्हाय?"

"नाही."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "दर साली कुकू लावताना हात थरथरायचा बघा."

तोवर प्रत्येक फ्यूजचं साल मी शोधलं होतं, कारखाना शोधला होता. हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

काल ठेचल्या टोकाचा, म्हणजे उडालेला एक फ्यूज हातात आला. तो घासताना माझाही हात थरथरला.