डाव्या हाताचा रंधा

आमच्या अनाथालयात मार खाल्ल्यावर गुरुजींच्या पाया पडून 'चुकलो' म्हणायचा नियम होता. रक्त आलं तरी आधी पाया पडायचं, मग रडायचं. आरमोरीच्या पलीकडे जंगलाला लागून ते सरकारी कौलारू घर होतं. माझा मित्र ढिवराचा, मासेमाराच्या घरचा, माझ्याच वयाचा. एकदा तो तळ्यावर मासे धरायला पळाला, तर गुरुजींनी त्याचा उजवा हात बाकाच्या पायाखाली ठेवला आणि स्वतः बाकावर बसले. बोटं मोडली ती मोडलीच. त्या हाताने पुन्हा जाळं फेकता आलं नाही.

आम्हाला मिसरूड फुटल्यावर कुणीतरी तक्रार केली आणि चौकशीला साहेब आले. डाक बंगल्यात आम्हाला उभं केलं. गुरुजी साहेबांशेजारी खुर्चीत!

"हाताला काय झालं?" साहेबांनी मित्राला विचारलं.

तो बोलणार तेवढ्यात गुरुजी खाकरले. मित्र सवयीने पुढे गेला, पाया पडला. "चुकलो, गुरुजी." एवढा आदर पाहून साहेबांना भरून आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

निकाल लागला: अनाथालय बंद, गुरुजींची बदली आणि आम्हा मोठ्या पोरांना चांद्याच्या सरकारी प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवून कामाला लावायचं. मागचं विसरा, असं साहेब म्हणाले. मित्र मात्र खूश होता.

"मले हाताले काम पायजे, बाकी चुलीत जाऊ दे," तो म्हणायचा. डाव्या हाताने रंधा धरायची त्याची खटपट सुरू झाली.

एका सकाळी केंद्राचे नवे अधीक्षक आले. तेच गुरुजी! बदली करून सरकारने त्यांना पुन्हा आमच्याच माथी मारलं होतं. अहेरीकडचा एक गोंड पोरगा होता, त्याला मराठी धड कळत नसे. तो पाया पडला नाही म्हणून गुरुजींनी सागाच्या पट्टीने त्याचा कान फोडला. मग मित्राला हाक मारली, "ये, याचा हात बाकावर दाबून धर."

"त्याले हात नोका लावू, गुरुजी."

पट्टी मित्राच्या तोंडावर बसली. त्याने डाव्या हाताने लाकडी हातोडा उचलला आणि गुरुजींच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. दुसरा घाव गुडघ्यावर पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पोलीस तासाभरात आले. या वेळी डाक बंगला नाही, साहेब नाही, कुणी काही विचारलं नाही. अंगणातच त्याला बुटांनी तुडवलं आणि फरफटत नेलं.

तुरुंगात कैद्यांना सुतारकाम शिकवत. सुटून आला तेव्हा त्याचा डावा हात रंध्यावर असा बसला होता की मी बघतच राहिलो. मी त्याला लाकडाच्या आरागिरणीवर घेऊन गेलो. मालकाने फळी दिली, त्याने ती आरशासारखी केली. मालक खूश झाला.

"कुठी शिकला रे, भाऊ?"

मित्राला खोटं बोलता येत नसे. त्याने सांगितलं.

मालकाने त्याच्या हातातून रंधा काढून घेतला.