मधू सोनोनेची दुसरी नोकरी

फोन शोभावहिनींचा होता. सकाळचे साडेसात वाजले असतील, मी गॅलरीत गालाला साबण लावून बसलो होतो. "भावजी, हे उठत नाहीयेत. तुम्ही या जरा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आवाज इतका सरळ होता की मला वाटलं, मधूची कंबर पुन्हा धरली असेल, हाताला धरून उठवायचं असेल. साबण तसाच पुसून मी शर्ट अडकवला आणि दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी गेलो. मधू कुशीवर झोपला होता, एक हात उशीखाली. डॉक्टर आले, झोपेतच हृदय थांबलं म्हणाले... त्रास झाला नसेल, असंही म्हणाले. ओट्यावर त्याच्या डब्यासाठी चिरलेली भेंडी तशीच पडली होती. दुपारी महूहून त्याचे भाऊबंद आले, त्रिसरण-पंचशील झालं, आणि चौसष्ट वर्षांचा माझा मित्र गेला. त्याला आता सहा आठवडे झाले.

मधुकर सोनोने पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं तपासणीच्या कामावर होता. पंपांचे दांडे तयार होऊन त्याच्या टेबलावर यायचे, तो ते मापायचा, आणि केसाच्या जाडीइतका जरी फरक निघाला तरी दांडा बाजूला. मालकाचा भाचा येऊन विनवण्या करायचा, मधू मान हलवायचा. त्याचे आजोबा महूला पलटणीत होते. घरात बूट कुठे ठेवायचे आणि टॉवेल कुठे वाळत घालायचा याचेही नियम होते, आणि मधूने ते नियम अन्नपूर्णा भागातल्या आपल्या दोन खोल्यांत जसेच्या तसे चालू ठेवले होते. मी गणिताचा मास्तर. त्याचा मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा, मुलाला न्यायला मधू यायचा, आणि मुलगा शिकून पुण्याला गेला तरी मधूचं येणं थांबलं नाही. आमची मैत्री ही अशी, न ठरवता झालेली.

तो सत्तावन्नचा असताना कारखाना बंद पडला. यंत्रं विकली गेली, माणसं पांगली. जवळजवळ वर्षभर मधू घरी होता, आणि मग कोणाच्या तरी ओळखीने सियागंज बाजारातल्या एका हार्डवेअरच्या होलसेल दुकानात काउंटर सांभाळायचं काम मिळालं. आम्ही सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा पहिला दिवस उजाडणं म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारलं नाही, मीही नाही. तो सोमवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेला. सेठने त्याला पहिलंच काम दिलं ते दोन इंची खिळे तोलून द्यायचं. मधूने खिळे तराजूत ओतले, आणि हाताच्या सवयीने त्यातले वाकडे, बिनडोक्याचे, पोचट असे एकेक करून बाजूला काढायला लागला. समोर चार गिऱ्हाइकं, बाहेर हातगाडीवाला खोळंबलेला, आणि मधू शांतपणे खिळा उजेडात धरून पाहतोय. अर्ध्या तासाने सेठ गल्ल्यावरून उठून आला आणि म्हणाला, "सोनोनेजी, ये कील है, हीरा नहीं." सगळं दुकान हसलं. मधूही हसला. तिथून पुढे दिवसभर त्याला कोणी काही मागितलं की एवढाल्या कपाटांत कुठे काय आहे ते आठवेनासं व्हायचं.

हे सगळं मला गुरुवारी कळलं. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, मला चहापत्ती आणि खोबरं आणायला सियागंजात पिटाळलं होतं. मला निवृत्त होऊन तेव्हा तीन महिने झाले होते, आणि असं पिटाळणं वरचेवर होत होतं. स्टेशनकडच्या बागेतून जाताना एका बाकावर पांढरा शर्ट दिसला. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात. सकाळचे साडेअकरा वाजलेले.

"काय रे, दुकान बंद आहे?" मी विचारलं.

"दुकान चालू आहे ना, एकदम चालू आहे," मधू म्हणाला. "मीच बंद आहे."

मी शेजारी बसलो. मंगळवारपासून तो दुकानात गेलाच नव्हता. "रोज निघतो यार मास्तर. समोरच्या फुटपाथपर्यंत जातो. आतमधून सगळे एकसाथ बोलत असतात, हम्माल, गिऱ्हाईक, सेठ... मग पाय उचलतच नाही. एकतीस साल मी मालकाला घाबरलो नाही, आता खिळ्यांना घाबरतो." शोभावहिनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या डबा देत होत्या, हा तो बागेत खात होता, आणि संध्याकाळी दिवस कसा गेला विचारलं की 'मस्त' म्हणत होता. सेठला त्याने फोनवर आपल्याला ताप आल्याचं सांगितलं होतं. सेठने निरोप दिला होता, शुक्रवारी आलात तर ठीक, नाहीतर साफ सांगा, मी दुसरा माणूस बघतो. "ही नोकरी गेली तर मी परत कुठे जाणार नाही मास्तर," तो म्हणाला. "मला माहीत आहे ना माझं. मग मी घरीच बसणार."

मी आयुष्यभर नव्या मुलांना वर्गात बसवलेलं आहे. घाबरलेल्या पोराला उपदेश करून काही होत नाही, त्याच्या शेजारी ओळखीचं पोरगं बसवावं लागतं. म्हणून मी म्हणालो, "उद्या अकरा वाजता मी येतो. गिऱ्हाईक म्हणून. एक ओळखीचं तोंड समोर असेल तुला."

"तू काय घेणार तिथे?"

"बिजागरी."

"एक बिजागरी? होलसेलमध्ये?" मधू म्हणाला, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा खराखुरा हसला. मग त्याने डबा उघडला आणि अर्धी पोळी मला दिली.

शुक्रवारी मी अकराला दहा कमी असतानाच पोचलो. बागेत डोकावून आलो, बाक रिकामा होता. दुकानात पाहतो तर मधू काउंटरमागे उभा. चेहरा पांढरा पडलेला, पण उभा होता. मला स्वतःचा जो काही अभिमान वाटला म्हणता... नुसत्या माझ्या येण्याच्या भरवशावर माणूस आत गेला! मी पुढे होऊन एक बिजागरी मागितली. सेठ गल्ल्यावरून म्हणाला, "मास्टरजी, यहाँ दर्जन से नीचे कुछ नहीं निकलता." मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "पर आपके लिए निकाल देंगे. बैठो आप, चाय आ रही है." त्याने पंख्याखाली खुर्ची टाकायला लावली. मी याचं श्रेय माझ्या पांढऱ्या केसांना आणि मास्तरी चेहऱ्याला दिलं. मधूने बिजागरी काढली, उघडून-मिटून पाहिली, एक परत ठेवली, दुसरी दिली. बिजागरी चांगली होती.

दुसऱ्या दिवशी कडी. मग आकडे, मग हँडल, मग पुन्हा बिजागरी. सुमन म्हणाली, घराला दारं किती आहेत ते एकदा मोजून या. मी रोज अकराला जायचो आणि खुर्चीत बसून चहा घ्यायचो. मधू गिऱ्हाइकांत असला तरी मधेच एक नजर माझ्याकडे टाकायचा. हळूहळू त्याला कपाटं पाठ झाली. हम्मालांची नावं पाठ झाली, कोणाची मुलगी कितवीत आहे तेही. दुपारचा डबा तो त्यांच्याबरोबर पोत्यांवर बसून खाऊ लागला. वाकडे खिळे काढायची खोड मात्र गेली नाही. गर्दी ओसरली की तो परात घेऊन बसायचा. निवडलेले खिळे वेगळ्या पेटीत पडू लागले, आणि फर्निचरवाल्या सुतारांना त्या पेटीचा सुगावा लागला. ते येऊन "सोनोनेजीवाला माल" मागायचे. ज्या सेठने पहिल्या दिवशी हसं केलं तोच आता पेटी पुढे सरकवून म्हणायचा, एक भी टेढ़ी निकले तो वापस ले आना.

भीती कधी गेली, असं मी त्याला पुढे एकदा विचारलं होतं. रविवारची संध्याकाळ होती, आम्ही फिरायला निघालो होतो. मधू म्हणाला, "गेली कुठे? महिनाभर रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना यायची. मी म्हणायचो, ठीक आहे, तू पण चल. मग एक दिवस दुपारी डबा खाताना लक्षात आलं की आज आलीच नाही." तो असा बोलायचा, मापून, आणि मोठं काही बोलतोय असं अजिबात न वाटू देता. त्या दुकानात त्याने सहा वर्षं काढली. ती त्याची चांगली वर्षं होती, हे मी खात्रीने सांगतो, कारण कारखान्यातला मधू मला आदरणीय वाटायचा आणि दुकानातला मधू सुखी. रोजची गरज संपली तरी माझं अकराचं जाणं सुटलं नाही. तिथला पेपर मी वाचायचो, गिऱ्हाइकांच्या मुलांची गणितं सोडवायचो. आणि मी मधूला नोकरीत कसा टिकवला ही हकीकत मी सहा वर्षं मिळेल त्याला ऐकवली, लग्नाच्या पंगतीत, नातेवाइकांत, कित्येकदा खुद्द मधूच्या समोर. तो खाली मान घालून हसायचा आणि म्हणायचा, "हो ना. मास्तर नसता तर माझं काही खरं नव्हतं."

तो गेल्यावर तीन आठवडे मी सियागंजाकडे फिरकलो नाही. मग शोभावहिनींना त्याच्या पँटच्या खिशात दुकानाच्या गोदामाची किल्ली सापडली, आणि त्यांनी ती माझ्याकडे दिली. मी निघालो, पण दुकान समोर दिसल्यावर पाय अडखळला. पलीकडच्या फुटपाथवर किती वेळ उभा होतो कोण जाणे. आत सगळे एकदम बोलत होते आणि त्यात मधूचा आवाज नव्हता. परत फिरावं असं वाटलं... पण किल्ली पोचवायची होती, म्हणून रस्ता ओलांडला.

सेठने किल्ली घेतली, दोन मिनिटं हातातच धरून ठेवली. मी काहीतरी बोलायचं म्हणून ती जुनी हकीकत काढली, की बरं झालं तेव्हा मी रोज येत होतो, नाहीतर बिचारा चार दिवसांत पळून गेला असता. सेठने किल्ली गल्ल्यावर ठेवली.

"मास्टरजी, आपको उन्होंने कभी बताया नहीं?" तो म्हणाला. "उस शुक्रवार को वो दस बजे आए थे. मैं तो सोचकर बैठा था कि मना कर दूँगा. आते ही बोले, सेठजी, मेरी बात बाद में, पहले एक अर्ज है. मेरे एक दोस्त हैं, स्कूल में मास्टर थे, रिटायर हो गए. तीन महीने से घर में बैठे-बैठे कुम्हला गए हैं, किसी से ढंग से बोलते नहीं. अभी ग्यारह बजे आएँगे, एक-एक चीज़ माँगेंगे. मना मत करना. एक कुर्सी दे देना, रोज आने देना." सेठने डोळे पुसले. "अब ऐसे आदमी को मैं क्या मना करता?"

मी खुर्चीत बसून होतो. मधू आत गेला तो माझ्या येण्याच्या भरवशावर नव्हे. माझ्यासाठी जागा मागायची होती म्हणून. स्वतःसाठी जो पाय तीन दिवस उचलत नव्हता तो त्याने माझ्यासाठी उचलला, आणि पुढची सहा वर्षं मला फुशारकी मारू दिली. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. असं कोणी आपल्याला सांभाळत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

घरी येऊन मी सुमनला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मीच सांगितलं होतं मधूभावजींना," ती म्हणाली. "त्या बुधवारी संध्याकाळी आले होते, तुम्ही आत झोपला होतात. म्हटलं, यांना कुठंतरी न्या हो, दिवसभर माझ्या फोडणीला नावं ठेवतात आणि मग भिंतीकडे बघत बसतात. म्हणाले, वहिनी, नेतो ना." तिने पुढची जुडी ओढली. "मला काय माहीत, ते स्वतःच कुठे जात नव्हते."

मग आम्ही दोघं हसलो, आणि हसता हसता ती पदराने डोळे टिपायला लागली, आणि मीही.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी पेपर उघडून बसलो होतो. सुमनने माझ्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या, पिशवी माझ्या मांडीवर टाकली. काय आणू म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, काही नको, पण निघा, अकरा वाजतील.