मालुबाईचं मनगट आणि मॅडमची ओटी

आमच्या कंग्राळीची मालुबाई बेळगावात फिनेलच्या कारखान्यात जाते. काम एकच, दिवसभर बाटल्यांना टोपणं पिळायची. मला तिथं कोण उभं करणार? पण तिच्या शेजारी मंगल बसते, आणि मंगलच्या पोटात काही राहत नाही. त्यामुळं पुढचं सगळं जसं कळलं तसं सांगतो.

मालुबाईचं उजवं मनगट कधीपासून सुजलेलं. रात्री बोटांना मुंग्या यायच्या. घरी भाकऱ्या तिचा नवरा भावकू दार लावून थापायचा. थापण्याचा आवाज गल्लीला ऐकू यायचा आणि बायका म्हणायच्या, मालुबाईचा हात लई बसलाय. मी भिंतीपलीकडचा शेजारी, पण कुणाला काही बोललो नाही. फार जणांना तर नाहीच.

अशात कारखान्यात हुबळीहून रक्षा मॅडम आल्या. कुणाचा हात किती वळतो, मान किती वाकते, कुणाला काय दुखतं, हे बघायला. लगेच वावडी उठली की हात दुखणाऱ्या बायांना लेबलच्या खोलीत पाठवणार. तिथं आण्णाप्पा एकटा लेबलं चिकटवत बसतो. मालुबाईनं ठरवलं, जीव गेला तरी मंगलच्या शेजारची जागा सोडायची नाही.

त्या दिवशी सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मॅडमनी कॅमेरा लावला.

"आक्का, हात दुखतो का?"

"न्हाय वो. माझा हात दगडागत हाय," म्हणत मालुबाई हसत हसत टोपणं पिळत राहिली. घाम मात्र कपाळावरून टोपणात.

संध्याकाळी मॅडम निघाल्या. सवाशीण पाहुणी, तिला रिकाम्या हातानं कशी पाठवायची? बायांनी आधीच खण-नारळ आणून ठेवला होता. ओटी भरायचा मान थोरलीचा, म्हणजे मालुबाईचा. तिनं कुंकवाला डावा हात पुढं केला.

"आक्का, उजवा," मंगल कुजबुजली.

उजव्यानं कुंकू कसंबसं लागलं. नारळ मात्र हातातून सुटला आणि फिनेलच्या उघड्या पिंपात जाऊन पडला. सगळीकडं फेस.

"नारळच ओला व्हता," मालुबाई म्हणाली.

मॅडमनी पदर सावरला आणि तिचं मनगट हलकेच दाबलं. मालुबाईनं डोळे मिटले.

"आता खरं सांगा."

"सांगते. पण मला लेबलात घालू नका."

"का?"

"तिथं आण्णाप्पा हाय."

मॅडम गंभीर झाल्या. "त्रास देतो?"

"देतो की. दिवसभर बोलतच न्हाय."

मॅडमना हसू आवरेना. मग त्यांनी समजावलं, "दुखतंय म्हणून कुणाला जागेवरून कायमचं काढत नाहीत, आक्का. एकच हात दिवसभर पिळायला लावणं हीच चूक आहे. निम्मा दिवस टोपणं, निम्मा दिवस लेबलं, असं आलटून पालटून करायचं."

"मग मंगललाबी माझ्यासंगं पाठवा."

"मला कशाला गं ओढतीस?" मंगल म्हणाली. पण मॅडमनी होकाराची मान हलवली होती.

आता दुपारनंतर दोघी लेबलच्या खोलीत असतात. मालुबाईची सूज उतरत आलीय. अडचण मंगलची झालीय. लेबल सरळ चिकटवताना तिची जीभ दातांतून बाहेर येते, आणि जीभ तशी असेपर्यंत बोलणं बंद. इतकी वर्षं मंगलचं ऐकून घेतलेली मालुबाई आता सलग बोलते, आणि मध्ये तोडणारं कुणी नाही.

"हात कसा हाय?" मी परवा विचारलं.

"हात ऱ्हाऊ दे. आधी मंगलचं काय झालं ते ऐक," म्हणाली, आणि माझ्या कट्ट्यावर बसली.