तोंडाची कडी

उजव्या हाताची दोन बोटं ओठांवर आडवी ठेवायची, डोळे घट्ट मिटायचे आणि पुटपुटायचं, "बापा, कडी लाव." एवढं झालं की आमच्या अक्का जागेवरून उठून थेट घरात जायच्या. मागे बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. नवीन माणसाला वाटायचं, म्हातारीची दाढ दुखतेय.

आमच्या धुळ्याच्या गल्लीत त्यांचं घर कोपऱ्यावरचं. मी मूळची पाचोऱ्याची. नोकरीच्या निमित्ताने इथे आले आणि त्यांच्या शेजारची भाडेकरू झाले. गल्लीत ख्रिस्ती घर तेवढं एकच, पण तो हिशेब कोणी ठेवलेला नव्हता. अक्का दवाखान्यात आया होत्या, निवृत्त झाल्या होत्या. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा भुसावळला रेल्वेत. रविवारी पांढरं लुगडं नेसून त्या उपासनेला जायच्या आणि इतर दिवशी गल्लीवर लक्ष ठेवायच्या.

तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. कोणाची भाजी करपली, कोणाचा जावई रुसला, कोणी नवा फ्रीज घेतला आणि तो भरायला घरात काय आहे, सगळं हिला ठाऊक. बरं, नुसतं ठाऊक असून भागत नाही, ते सांगितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. अक्कांच्या जिभेला धारही होती आणि गोडीही. त्यांनी ज्याची खोड काढली तोसुद्धा आधी हसायचा, आणि घरी जाऊन मग त्याला लागायचं. मीही हसलेली आहे आणि मलाही लागलेलं आहे. माझ्या कणकेच्या पहिल्या बट्ट्या चाखून त्या म्हणाल्या होत्या, "बाई, बट्टी मस्त शे. दार उघडं ऱ्हावाले अडकण लावता यी." दाराखाली अडकण म्हणून ठेवण्याइतकी माझी बट्टी कडक झाली होती, हे खरंच होतं.

पण ही कडीची प्रार्थना तेव्हा नव्हती. तेव्हा त्यांच्या प्रार्थना चारचौघींसारख्याच असायच्या. गुडघे, मुलाची बढती, पाऊसपाणी. कडी कशी आली ते सांगते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

नाताळच्या आदल्या दिवशी अक्कांच्या अंगणात मांडे व्हायचे. आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते, चुलीवर मातीचं खापर उलटं घालतात, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर खेळवत खेळवत रुमालाएवढी मोठी करतात आणि अलगद खापरावर टाकतात. हात जरा चुकला की मांडा मधोमध फाटतो, पुरण खापरावर पडतं आणि अंगणभर करपल्याचा वास सुटतो. अक्कांचा मांडा कधी फाटायचा नाही. झालेला मांडा त्या उजेडाकडे धरून बघायच्या आणि आम्हालाही बघायला लावायच्या.

त्या वर्षी सून भुसावळहून आली होती. लग्नाला दुसरं वर्ष. रेल्वे कॉलनीत वाढलेली, दवाखान्यात नर्स, बोलायला मऊ. तिने आपण होऊन म्हटलं, "मम्मी, मी करून बघू?" आणि पहिलाच मांडा तिच्या हातावर फाटला. आम्ही सगळ्या चुलीभोवती बसलेल्या. अक्का हसल्या. त्यांच्या नेहमीच्याच सुरात म्हणाल्या, "ज्या हातवर मांडा टिकत नही, त्या हातवर लेकरू काय टिकी?"

आम्हीही हसलो. सून मात्र हात पुसून आत गेली. संध्याकाळच्या गाडीने ती नवऱ्याबरोबर निघूनही गेली. सणासाठी आणलेली नवी साडी पलंगावर तशीच राहिली.

दोन दिवसांनी मुलाचा फोन आला. सुनेला दिवस गेले होते आणि नाताळच्या महिनाभर आधीच, तिसऱ्या महिन्यात, ते संपलं होतं. तिने माहेरीसुद्धा कोणाला सांगितलं नव्हतं. नाताळात सासूजवळ बसून सांगू, असं ठरवून ती आली होती. फोन ठेवून अक्का ओट्यावर बसल्या त्या उन्हं गेली तरी उठल्या नाहीत. मी चहा नेला तर म्हणाल्या, "काय निंघी गयं मन्हा तोंडमाईन, बाई!" मला फार वाईट वाटलं. त्या सुनेचं वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, अक्कांचंही तितकंच वाटलं.

त्यानंतर सून धुळ्याला आली नाही. अक्कांचा फोन ती घ्यायची नाही. मुलगा महिन्यातून एकदा येऊन औषधं देऊन जायचा, आणि त्याच्याकडे सुनेबद्दल विचारताना अक्कांचा आवाज बारीक व्हायचा.

तेव्हापासून कडी सुरू झाली.

उन्हाळ्यात आमच्या गल्लीत बिबड्या करतात. ज्वारीचा घाटा शिजवायचा, जुन्या धोतरावर ओल्या हाताने त्याचे पापड थापायचे, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. हात कामात आणि तोंडं मोकळी, म्हणजे गप्पांना ऊत. बायका मुद्दाम अक्कांना डिवचायच्या. शिवणकाम करणारी शेजारीण म्हणायची, "अक्का, ऐकलं का, दूधवाल्याच्या घरी काय झालं ते?" अक्कांचे डोळे चमकायचे, मान पुढे यायची, ओठ हलायचे. आणि मग ती दोन बोटं. "बापा, कडी लाव," असं म्हणून त्या गुडघ्यावर हात देत जिना उतरायच्या.

सुरुवातीला यात एक मोठी गंमत झाली. अक्कांना मनातल्या मनात प्रार्थना करता यायची नाही, मोठ्याने करायच्या. शिवाय देवापासून काही लपवायचं नाही, हा त्यांचा बाणा. त्यामुळे खालच्या त्यांच्या खिडकीतून आम्हाला स्वच्छ ऐकू यायचं, "बापा, मन्हा मनमा येस का दूधवालानी सून माहेरले पळी गई ते बठ्ठास्ले, साऱ्या गल्लीले सांगू. तिन्ही सासूनी तिना दागिना ठेवी लिधा, तेबी सांगू. बापा, माले सांगू देऊ नको." गच्चीवर आम्हाला बसल्या जागी सगळी बातमी मिळायची, तीही शपथेवर सांगितल्यासारखी.

शेवटी मीच एकदा त्यांना हे सांगितलं. अक्का पांढऱ्याफटक पडल्या आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हनजे देवना कानमा सांगाले गऊ, नि गल्लीले दवंडी पिटी उनू!" त्या दिवसापासून त्या खिडकी लावून घ्यायला लागल्या.

"अक्का, एवढं कशाला?" मी एकदा म्हटलं. "चार गोष्टी बोलल्यात तर काय बिघडणार आहे? लोक दारू पितात, जुगार खेळतात."

"दारुड्यानं सोपं ऱ्हास, बाई," त्या म्हणाल्या. "त्यानं दुकान गावमा ऱ्हास. तो वाट बदली जास. मन्हं दुकान मन्हा तोंडमाच शे. मी कोठे जाऊ?"

मग म्हणाल्या की एकटीच्या जोरावर त्यांनी आधी पुष्कळ करून पाहिलं होतं. लवंग चघळली, मौन धरलं, टीव्ही लावून बसल्या. दोन दिवस टिकायचं आणि तिसऱ्या दिवशी उधार राहिलेलं सगळं एकदम बाहेर पडायचं. "कडी भाईरतून लावनी पडस, बाई. आतून मी लावस, आतून मीच काढस." म्हणून त्या देवाला लावायला सांगत होत्या.

पण त्यांचा खरा मोह गल्लीतल्या गप्पांचा नव्हताच, हे मला उशिरा कळलं. एकदा बिबड्या उलटताना शेजारीण कळवळून म्हणाली, "अक्का, तुम्ही किती दिवस मनाला लावून घेणार? तिने सांगितलं नाही, मग तुम्हाला काय माहीत?" आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. बोलणं रास्तच होतं. अक्कांची बोटं मात्र झटकन ओठांवर गेली, कधी नव्हती इतक्या घाईने. जरा वेळाने मला म्हणाल्या, "माले काय माहीत व्हतं, हाई वाक्य सैतान माले रोज सकाय शिकाडस. आनि रोज खरं वाटस. ते मन्हा तोंडमाईन निंघनं, का मन्ही सून कायमनी गई."

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. खरं असलेलं वाक्य का बोलू नये? मी शाळेत शिकवते, खरं बोलावं असं मुलांना रोज सांगते. पण अक्का त्या एका वाक्यासाठी रोज पहाटे गुडघ्यांवर बसायच्या, दुखऱ्या गुडघ्यांवर, खाली गोधडीची घडी घालून.

काही वर्षं गेली. भुसावळला नात झाली. अक्कांनी तिला फक्त मुलाच्या मोबाइलवर पाहिलं. आणि मग एका थंडीत मुलाचा फोन आला, नाताळला आम्ही तिघं येतो.

अक्कांची अवस्था परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या असलेल्या मुलीसारखी झाली. डबे घासून झाले, पडदे धुऊन झाले, आणि तरी मला विचारायच्या, "बाई, मी काही बोलसू नही ना?" चर्चचे पाळक घरी येऊन प्रार्थना करून गेले. ते गेल्यावर मला म्हणाल्या, "तुम्हीबी तुम्हना देवले सांगा. जेवढा जोर लागी तेवढा लावू."

मी सांगितलं.

सून आली. अक्कांनी नातीला उचलून घेतलं, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कडी घातली ती घातलीच. चहा हवा का, पाणी तापलंय, एवढंच बोलणं. मला बरं वाटलं. चला, म्हातारीने जिंकलं.

नाताळच्या आदल्या दिवशी अंगणात चूल पेटली, खापर उलटं बसलं. आम्ही बायका जमलो. सून आली आणि कोणी काही म्हणायच्या आत अक्कांच्या पाटावर बसली. तिने पोळी हातांवर घेतली, फिरवली, वाढवली. खापराशी नेता नेता मांडा मधोमध फाटला.

पुरण चरचरलं. अक्कांची दोन बोटं ओठांवर होती, डोळे मिटलेले.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मम्मी, बोला ना काहीतरी. आल्यापासून तुम्ही गप्प आहात. तुम्ही बोललात तर मला निदान कळेल. गप्प बसलात की वाटतं, मनात तेच म्हणताय."

आम्हाला कोणाला हे सुचलं नव्हतं. गप्प बसणंही लागू शकतं, हे अक्कांनाही सुचलं नसावं. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. बोटं ओठांवरून खाली आली.

"बापा," त्या म्हणाल्या, "आते कडी काढ."

आणि सुनेला म्हणाल्या, "बेटा, मांडा बठ्ठास्ना फाटस. मन्हाबी फाटे, मन्ही सासूनी तो कुत्राले टाका व्हता. त्या दिन तुना मांडा फाटना नही. मन्ही जीभ फाटनी. तुना लेकरूले मी बोलनी. माले माफ कर."

मी कान देऊन होते. ते एक वाक्य आता येईल, मग येईल. "माले काय माहीत व्हतं." इतक्या वर्षांनी ते बोलायला हरकत नव्हती, कोणी नावं ठेवली नसती. आलं नाही. अक्का तिथेच थांबल्या आणि नुसत्या सुनेकडे बघत राहिल्या. मला तेव्हा कळलं की त्या रोज पहाटे काय मागत होत्या, आणि मला रडू आलं.

सून रडत होतीच. पिठाच्या हातांनीच तिने सासूला धरलं. पलीकडे खापरावर पुरण करपत होतं, ते कोणी काढेना. नात मात्र ओरडली, "मम्मी, जळलं!" आणि सगळ्या एकदम हसल्या. अक्कांनी उलथण्याने तो फाटका मांडा सोडवला, ताटलीत घेतला आणि म्हणाल्या, "आन इकडे. फाटेल ते मन्हं." करपलेल्या कडेसकट त्यांनी तो दुधात कुस्करून खाल्ला.

पुढे दर नाताळला तसंच चाललं. सून पाटावर, अक्का बाजूला, नात मांडीवर. मांडा फाटला की सून आधीच म्हणायची, "मम्मी, तुमचा आला." अक्का ताटली पुढे करायच्या. गल्लीतल्या गप्पांना मात्र कडी तशीच चालू राहिली, कधी लागायची, कधी निसटायची. निसटली की दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन सांगून यायच्या, काल मी तुझ्याबद्दल असं असं बोलले म्हणून. त्यातून दोनदा मोठी भांडणं झाली.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. सकाळी गोधडीच्या घडीवर गुडघे टेकलेल्या, डोकं पलंगाच्या काठावर. सून भुसावळहून धावत आली आणि ती गोधडी तिने कोणाला उचलू दिली नाही.

या नाताळलाही अंगणात चूल पेटली. आम्ही जमलो. सुनेचा हात आता चांगला बसलाय. एकामागून एक मांडे खापरावर पडत होते, पातळ, अख्खे. ती प्रत्येक मांडा उजेडाकडे धरायची, अगदी अक्कांसारखा. पाटी भरली. एकही फाटला नाही. शेजारीण म्हणालीसुद्धा, "आज असत्या तर काय बोलल्या असत्या!"

शेवटचा मांडा सुनेने खापरावरून काढला, घडी न घालता दोन्ही हातांत धरला आणि मधोमध फाडला. मग तो अक्कांच्या ताटलीत ठेवला, ताटली बाजूच्या त्यांच्या रिकाम्या जागेसमोर सरकवली, आणि दोन बोटं ओठांवर ठेवून डोळे मिटले.