कोरियाच्या संमेलनात लाटणं

वही माझीच आहे, तरी शुद्धलेखनाची आणि वेड्यावाकड्या अक्षराची माफी मागते. चौथीनंतर लिहायची सवय राहिली नाही.

माझी मुलगी कोरियात इंग्रजी शिकवते. ती सुट्टीत अधारतालला घरी आली, तेव्हा कोरियातल्या इंग्रजी शिक्षकांचं शनिवार-रविवारचं संमेलन लॅपटॉपवर होतं. फी तिने माझ्या शिलाईच्या पैशांतून भरली. रविवारी जोडीने धडा घ्यायचा होता. एकीने शिकवायचं, दुसरीने इंग्रजी न येणारी विद्यार्थिनी व्हायचं. पहिल्या येणाऱ्या जोडीला फी परत मिळणार होती. ऐनवेळी तिच्या जोडीदारणीचं नेट गेलं.

"आई, तू बस ना."

"मी काहून? मला इंग्रजी कुठे येते?"

"तेच तर पाहिजे."

मी पदर सारखा करून बसले. पडद्यावर सगळे परके चेहरे, माझी मान वर होईना. मुलीने लाटणं दाखवून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

मी हळूच म्हटलं, "धुतलं नाही ते. लोकांना काहून दाखवून राहिली?"

तिने पुन्हा मोठ्याने विचारलं. मी लाटणं ओढून पदराखाली लपवलं. पडद्यावर टाळ्याच टाळ्या.

"काय झालं?"

"ते म्हणतात, असा अभिनय कोणत्याच शिक्षिकेला जमला नाही. तू माझ्या शाळेतली शिक्षिकाच वाटलीस त्यांना."

"मग खरं सांग त्यांना."

तिने सांगितलं, तर ते आणखीच हसले आणि आम्हालाच पहिलं ठरवलं. फी परत आली तेव्हा मुलीने माझे शिलाईचे पैसे पूर्ण फेडले.